म्यानमारचं लष्कर, 'लेमन' तूर आणि आपला मोंढा

परवा मोंढ्यात बसलो होतो. आमच्या हिमायतनगरात बातमी हुडकायची असेल तर तहसीलच्या आधी आडतीवर जावं, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. एक काका चौदा पोती तूर घेऊन आले होते. वाळलेली, स्वच्छ, मातेरं जवळपास नाहीच. आडत्यानं मूठभर दाणे हातावर घेतले, मग खिशातून मोबाईल काढला, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, चेन्नईला लेमन उतरलंय. आज सात हजार शंभरच्या वर जमत नाही."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "पत्रकार साहेब, हे लेमन काय भानगड हाय? माझ्या तुरीत लिंबू कुठून आलं?"

आडतीवरची माणसं हसली. काकांच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ७५५०. बोली ७१००. क्विंटलमागं ४५० रुपये कमी. चौदा क्विंटलचे ६३०० रुपये एका शब्दात गेले, आणि तो शब्दच त्यांना माहीत नव्हता.

लेमन म्हणजे बर्माची तूर. आजचं नाव म्यानमार. तिथल्या तुरीला आपल्याकडचे व्यापारी 'लेमन' म्हणतात. ती जहाजानं चेन्नईला, मुंबईला येते आणि तिचा भाव सकाळी लातूरच्या डाळ मिलवाल्यांच्या मोबाईलवर पडतो. लातूरचा भाव नांदेडला, नांदेडचा आपल्याकडं. म्हणून आज थोडं लांबचं लिहितोय. लांबचं वाटेल, पण शेवटी गाडी आपल्याच काट्यावर येणार आहे.

१ फेब्रुवारी ही तारीख बघा. २०२५ मध्ये त्या दिवशी दिल्लीत अर्थसंकल्प मांडला गेला आणि तूर, उडीद, मसूर यांच्यात देश स्वयंपूर्ण करण्यासाठी सहा वर्षांचं मिशन जाहीर झालं. चांगली गोष्ट आहे. त्याच दिवशी म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावल्याला चार वर्षं पूर्ण झाली. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान स्यू की यांचा पक्ष मोठ्या बहुमतानं निवडून आला होता. नवी संसद बसायच्या दिवशी, १ फेब्रुवारी २०२१ ला, पहाटे सेनाप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्या लष्करानं त्यांना आणि राष्ट्राध्यक्षांना अटक केली. त्यानंतर तिथं सहा हजारांहून जास्त माणसं लष्कराच्या कारवाईत मारली गेली, असं नोंदी ठेवणाऱ्या संस्था सांगतात.

आपण काय केलं? परराष्ट्र खात्यानं चिंता व्यक्त केली, लोकशाही प्रक्रिया आणि कायद्याचं राज्य टिकलं पाहिजे असं म्हटलं. मग २७ मार्च २०२१ आला, त्यांचा सेना दिवस. राजधानीत संचलन झालं आणि त्याच दिवशी रस्त्यांवर शंभराहून जास्त आंदोलक गोळ्यांनी मेले. त्या संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते: रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि भारत. एरवी भारत, चीन आणि पाकिस्तान एका मांडवात बसलेले कधी बघितलेत? तिथं बसले.

जूनच्या १८ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारच्या लष्कराचा निषेध करणारा ठराव आला. ११९ देश बाजूनं, एकटा बेलारूस विरोधात, ३६ तटस्थ. त्या ३६ मध्ये आपण, आपल्या शेजारी चीन आणि रशिया. आणि त्याच जून महिन्यात दिल्लीनं अधिसूचना काढली. म्यानमारमधून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायची, २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं.

आता लगेच कुणी कमेंटमध्ये लिहू नका, की पत्रकार म्हणतोय सरकारनं डाळीसाठी मतदान सोडलं. तसं मी म्हणत नाही. एक लाख टन तुरीसाठी कुठलाही देश आपलं परराष्ट्र धोरण ठरवत नाही. मी एवढंच म्हणतोय, की एका हातानं चिंता लिहिली आणि दुसऱ्या हातानं करार लिहिला, आणि दोन्ही हातांना एकमेकांची अडचण झाली नाही.

अडचण का झाली नाही, त्याला कारणं आहेत आणि ती फालतू नाहीत. म्यानमारशी आपली सीमा १६४३ किलोमीटर आहे. ईशान्येतल्या बंडखोर गटांचे तळ त्या जंगलात असतात आणि त्यांना आवरायला तिथल्या लष्कराची मदत लागते. सित्वे बंदर आपण आपल्या पैशानं बांधलं, कोलकात्याहून मिझोरामला जायचा नवा रस्ता म्हणून. आणि सगळ्यात वर चीन बसलाय.

भारत नेहमी असाच नव्हता, हेही सांगायला पाहिजे. १९८८ मध्ये बर्मात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, लष्करानं गोळ्या घातल्या, तेव्हा दिल्ली उघडपणे लोकशाहीवाल्यांच्या बाजूनं उभी राहिली. आकाशवाणीची बर्मी सेवा लष्कराला झोंबेल असं बोलत होती. स्यू की यांना आपण नेहरू पुरस्कार दिला. पण तेवढ्या वर्षांत चीननं तिथं रस्ते, शस्त्रं, पैसा सगळं नेलं. १९९० च्या दशकात दिल्लीनं गाडी वळवली आणि लष्कराशी बोलणं सुरू केलं.

त्यातला गॅसचा किस्सा तर धडाच आहे. रखाइनच्या समुद्रात श्वे नावाचं गॅसक्षेत्र सापडलं. त्यात आपल्या ओएनजीसी विदेश आणि गेल या सरकारी कंपन्यांची भागीदारी. गॅस आपल्याकडं येणार म्हणून चर्चा वर्षानुवर्षं चालली. शेवटी २०१३ पासून तो गॅस पाइपातून चीनला जातोय. विहिरीत हिस्सा आपला, पाणी शेजाऱ्याच्या वावरात. तेव्हापासून दिल्लीच्या डोक्यात एकच बसलंय: आपण तोंड फिरवलं की जागा चीन घेतो.

म्हणजे लष्करी बंडावर कोण काय बोलतो हे ठरवणारे दोन प्रश्न दिसतात. माझा तिथं काय माल अडकलाय? आणि मी उठलो तर माझ्या खुर्चीवर कोण बसेल? लोकशाहीचा प्रश्न तिसरा. वेळ उरला तर.

हे फक्त आपलंच नाही. जगाला उपदेश करणारेही असेच आहेत.

३ जुलै २०१३. इजिप्तच्या लष्करानं निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. सगळ्या जगाला दिसलं की हे लष्करी बंड आहे. अमेरिकेला दिसलं नाही. का? कारण अमेरिकेच्या कायद्यात आहे, की निवडून आलेलं सरकार लष्करानं पाडलं तर त्या देशाची मदत बंद करावी लागते. इजिप्तला वर्षाला १३० कोटी डॉलरची लष्करी मदत जाते. म्हणून त्यांनी 'बंड' हा शब्दच वापरला नाही. पंचनामाच केला नाही तर गुन्हा कुठं? तिकडं कतार आणि तुर्कस्तान मोर्सींच्या बाजूनं होते, म्हणून त्यांच्याशी वैर असलेल्या सौदी आणि अमिरातीनं, कुवेतला सोबत घेऊन, थोड्याच दिवसांत नव्या सरकारला १२०० कोटी डॉलर कबूल केले. भावकीतल्या भांडणात एकानं एका गड्याला धरलं की दुसरा दुसऱ्याला धरतो, तसंच.

फ्रान्स बघा. एप्रिल २०२१ मध्ये चाडचे अध्यक्ष इद्रिस देबी लढाईत मेले आणि घटना बाजूला ठेवून लष्करानं त्यांच्या मुलाला गादीवर बसवलं. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन अंत्यविधीला जाऊन त्या मुलाशेजारी बसले. चाडमध्ये फ्रान्सचं सैन्य होतं आणि नवा माणूस त्यांचाच दोस्त होता. दोन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, शेजारच्या नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली. तिथं फ्रेंच कंपनी युरेनियम काढत होती आणि नवे लष्करशहा फ्रान्सच्या विरोधातले. तेव्हा फ्रान्सला लोकशाहीचा केवढा कळवळा आला! अमेरिकेचा त्याच नायजरमध्ये मोठा ड्रोन तळ होता, म्हणून त्यांना ते 'बंड' आहे असं म्हणायला २६ जुलैपासून १० ऑक्टोबर उजाडला. अडीच महिने. आणि एवढं करून तळ गेलाच. पुढच्या वर्षी सैन्य काढून घ्यावं लागलं.

जुना दाखला द्यायचा तर केळीचा देतो, म्हणजे अर्धापूरकरांना लगेच कळेल. ग्वाटेमाला नावाचा छोटा देश. तिथं युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीकडं अफाट जमीन, त्यातली बरीच पडीक. १९५२ मध्ये निवडून आलेल्या आर्बेन्झ सरकारनं पडीक जमीन भूमिहीनांना वाटायचा कायदा केला. कंपनीला मोबदला किती? कंपनीनं कर भरताना जमिनीची जी किंमत दाखवली होती तेवढा, साधारण ६ लाख २७ हजार डॉलर. आता कंपनी म्हणाली, खरी किंमत १ कोटी ५८ लाख डॉलर आहे! कर भरताना एक भाव, मोबदला घेताना दुसरा. आपल्याकडं रस्त्यात जमिनी गेलेल्या लोकांना यातली गंमत सांगायला नको. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री आणि सीआयएचे प्रमुख हे सख्खे भाऊ, डलेस बंधू, आणि ते आधी ज्या वकिली फर्ममध्ये होते तिनं याच कंपनीचं काम केलेलं. १९५४ मध्ये सीआयएनं ते सरकार पाडलं. कारण सांगितलं कम्युनिझम. साम्यवादाची भीती त्या काळात खरीही होती, पण केळीचा हिशोबही खराच होता.

आणि आपलंच दुसरं उदाहरण, फिजी. मे १९८७ मध्ये तिथं कर्नल राबुका यांनी सरकार उलथवलं. ज्या सरकारात भारतीय वंशाच्या लोकांना मोठं स्थान होतं, तेच पाडलं. भारत कडाडला. व्यापार थांबवला, राष्ट्रकुलात फिजीविरुद्ध उभा राहिला, आणि १९९० मध्ये फिजीनं आपला दूतावास बंद करायला लावला तरी मागं हटला नाही. आपली माणसं होती म्हणून बोललो, हे खरं. पण बोलणं परवडत होतं, हेही खरं. फिजीत ना आपला गॅस, ना सीमा, ना शेजारी चीन. लांबच्या गावच्या पाटलाला शिव्या द्यायला धाडस लागत नाही. बांधावरच्या पाटलाला रामराम घालावा लागतो.

मग यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय? सगळेच करतात, आपणही करतो, देशाचं हित आधी. बरोबर. मलाही मान्य आहे. माझा प्रश्न वेगळा आहे.

'देशाचं हित' म्हणतात, त्यातला देश म्हणजे नेमका कोण?

मिझोरामला विचारा. म्यानमारच्या चिन भागातून हजारो माणसं जीव मुठीत धरून पलीकडून आली. मिझो आणि चिन एकाच रक्ताचे. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं कळवलं, त्यांना अडवा. मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की आमच्या भावांकडं आम्ही पाठ फिरवू शकत नाही. दिल्लीचं हित एक, ऐझॉलचं दुसरं. दोन्ही भारतच.

आता शस्त्रांचं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकानं मे २०२३ मध्ये अहवाल दिला. बंडानंतर म्यानमारच्या लष्कराकडं किमान १०० कोटी डॉलरची शस्त्रं आणि सामग्री गेली. रशियातून ४० कोटींवर, चीनमधून २६ कोटींवर, सिंगापूरच्या कंपन्यांकडून २५ कोटींवर आणि भारतातून ५ कोटी १० लाख डॉलरची. आपला आकडा लहान आहे, पण शून्य नाही. ज्यांनी तो माल विकला त्यांचं हित झालं असेल. माझं, तुमचं काय झालं?

आणि आता तूर.

म्यानमारमध्ये तूर पिकते ती मधल्या कोरडवाहू पट्ट्यात: सगाइंग, मंडाले, मागवे. तिथले लोक तूर फारशी खात नाहीत, आपल्यासाठीच पिकवतात. २०१६ ला आपल्याकडं तूर अमाप झाली. तो हंगाम विसरलात का? हमीभाव केंद्रापुढं आठ-आठ दिवस ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून काटा बंद, पोत्यांवर झोपलेली माणसं. त्याच २०१६ च्या जुलैमध्ये मोझांबिकशी तूर आणायचा पाच वर्षांचा करार झाला होता. भाव पडल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं आयातीवर मर्यादा घातली. झटक्यात म्यानमारच्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. तेव्हा तिथं कोण होतं सत्तेवर? स्यू की यांचं लोकनियुक्त सरकार. मग मे २०२१ मध्ये इथं डाळ महागली म्हणून आपण आयात पुन्हा मोकळी केली. तेव्हा तिथं कोण? लष्कर, येऊन साडेतीन महिने झालेलं.

लोकशाही होती तेव्हा दार बंद, बंदूक आली तेव्हा दार उघडं. लष्करावर प्रेम होतं म्हणून नाही. आपल्या दारात तिथल्या सरकारचा रंग बघितलाच जात नाही, शहरातल्या किराणा दुकानातला भाव बघितला जातो.

तिथल्या शेतकऱ्याला तरी उघड्या दाराचा फायदा झाला का? एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीनं हुकूम काढला, की निर्यातीचे डॉलर सरकारी दरानं, १८५० क्यात धरून, बदलून घ्या. बाजारात डॉलरला त्याहून कितीतरी जास्त क्यात मिळत होते. नंतर हुकूम थोडा सैल केला, पण ठरावीक हिस्सा सरकारी दरानं द्यावा लागत होता. म्हणजे तुरीच्या प्रत्येक पोत्यातून मूठभर तूर लष्कराच्या कणगीत. आणि सगाइंग हाच तो भाग, जिथं लोकांनी लष्कराविरुद्ध हत्यार उचललंय. ११ एप्रिल २०२३ ला तिथल्या पाझिगी गावात लोक जमले असताना विमानातून बॉम्ब टाकले. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात लेकरं होती.

ती सगाइंगची तूर बंदरावर उतरली की हिमायतनगरच्या काकांचा भाव पडतो. आफ्रिकेची तूर साधारण पावसाळ्याच्या शेवटी, दिवाळीच्या आसपास येते. म्यानमारची मात्र आपल्याच वेळेला निघते, जानेवारी-फेब्रुवारीत. आपण खळ्यावर आणि ती जहाजावर. २०२५ मध्ये २० जानेवारीला, म्हणजे आपली तूर मोंढ्यात यायला लागली तेव्हाच, सरकारनं तुरीची शुल्कमुक्त आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. आणि बाराच दिवसांनी स्वयंपूर्णतेचं मिशन! एका बैलाला पुढं हाका मारायची आणि दुसऱ्याचं कासरं मागं ओढायचं. नांगर कसा चालणार?

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवणार नाही. देशाची तुरीची गरज आपल्या उत्पादनापेक्षा जास्त आहे. २०२३ मध्ये तूरडाळ दीडशेच्या पुढं गेली तेव्हा आमच्याच गावातल्या मजूर बायांनी वरण पातळ केलं होतं. आयात नकोच, असं म्हणणारा माणूस मोंढ्यात टाळ्या घेईल, पण खरं बोलत नसेल. आणि म्यानमारशी बोलणंच तोडा, हेही मला पटत नाही. अमेरिका सात समुद्रापलीकडून निर्बंध लावू शकते. आपल्याला त्याच बांधावर राहायचंय.

पण बोलणं वेगळं आणि संचलनाला जाऊन बसणं वेगळं. डाळ घेणं वेगळं आणि शस्त्रांची सामग्री जाऊ देणं वेगळं. आणि आयात वेगळी, खळ्याच्या तोंडावरची आयात वेगळी.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो.

एक, तुरीचा भाव हमीभावाच्या खाली असेल तेव्हा शुल्कमुक्त आयात आपोआप थांबली पाहिजे. जानेवारी ते मार्च तरी. ज्या महिन्यांत ग्राहकाला खरंच गरज असते त्या महिन्यांत आणा, कुणी नको म्हणत नाही.

दोन, जिथं बंदुकीचं राज्य आहे तिथं आपल्या देशातून, सरकारी असो की खासगी, कुठल्याही कंपनीची लष्करी सामग्री जाऊ नये. यात चीन जागा घेईल, हे कारण चालणार नाही. तो शस्त्रं विकतोच आहे, आपण विकल्यानं त्याची कमी झाली नाहीत.

तीन, असे करार करताना संसदेत चर्चा व्हावी. मराठवाड्यातून खासदार जातात. त्यांच्यातल्या एकानं तरी उभं राहून विचारावं, की म्यानमारशी पाच वर्षांचा करार करताना तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यांना कुणी विचारलं होतं का? हा करार २०२५-२६ पर्यंतचा होता. पुढचा व्हायच्या आत विचारावं. झाल्यावर विचारून काय उपयोग?

परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या माणसांचा विषय, असं आपण धरून चालतो. गॅसवाल्यांचा माणूस त्या दालनात असतो, बंदरवाल्यांचा असतो, आयातदारांचा असतो. तुरीवाल्याचा नसतो. म्हणून हिशोब करताना त्याचे ६३०० रुपये कुणी धरत नाही, आणि सगाइंगच्या शेतकऱ्याचं तर नावच निघत नाही. दोघांची भाषा वेगळी, देव वेगळा, पण दोघांचा भाव तिसराच कुणीतरी ठरवतो.

त्या दिवशी मी काकांना हे सगळं सांगितलं, जमेल तसं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी विचारलं, "नाफेडला नोंदणी केली का?" म्हणाले, "ई-पीक पाहणीत नुसतं सोयाबीन लागलंय, तूर लागलीच नाही. आन् मार्चात बँकेचं भरायचंय. थांबू कसं?"

मग पोत्याला हात लावत म्हणाले, "त्या बर्मावाल्याला तरी माझ्याइतकं भेटत आसंल का?"

मी म्हणालो, "नाही काका. त्याला तुमच्याहून कमी."

ते काही बोलले नाहीत. मापाड्यानं काटा लावला. चौदा पोती ७१०० नंच गेली.

ज्यांच्या घरी अजून तूर आहे त्यांनी आधी सातबारावर ई-पीक पाहणीची नोंद बघून घ्या, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा आणि जमेल त्यानं नोंदणी करा. आणि तुमच्याकडं या आठवड्यात काय बोली लागली ते गावाच्या नावासकट खाली लिहा. सगळे आकडे एकत्र करून आपण ते खासदारांना पाठवू. उत्तर आलं तर इथंच टाकीन. नाही आलं तर तेही टाकीन.